सुपडू नाना आणि तीस रिकामे पत्ते

आमच्या हॉस्पिटलात भिण्याचा पगार घेणारा एकच माणूस आहे, असं आम्ही चहाला बसलो की म्हणायचो. त्या माणसाचं नाव सुपडू. दारावरच्या पाटीवर त्यांनी ते पूर्ण लिहून घेतलं होतं, आद्याक्षरांमागे लपवलं नव्हतं. पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावणारे आणि खुर्ची कायम दाराकडे तोंड करून मांडणारे. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. जळगावचं आमचं हॉस्पिटल एका ट्रस्टचं, धुळ्याला त्याची शाखा. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरच्या जाळ्याची जबाबदारी नानांवर. मी रेकॉर्ड विभागाची प्रमुख. पेशंटचे केसपेपर, तपासण्या, जुन्या फायली माझ्या ताब्यात. म्हणजे नाना ज्या सामानाची राखण करायचे, ते सामान माझं होतं.

त्यांच्या भिण्याच्या तऱ्हा आम्हाला पाठ होत्या. खोलीला कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहायचे, जिन्यापर्यंत जायचे आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. लिफ्टमध्ये पाय ठेवायचे नाहीत. कॅन्टीनमधली शेवभाजी आधी दुसऱ्या कोणीतरी खाल्लेली पाहून मग घास घ्यायचे. आणि फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणायच्या जागी ‘काय झालं?’ असं विचारायचे. एकदा मी नुसतं जेवायला चला म्हणायला फोन केला, तर ‘काय झालं?’ ऐकून मलाच धस्स झालं आणि मी ‘काही नाही, काही नाही’ म्हणत फोन ठेवून दिला. पाच मिनिटांत नाना धापा टाकत माझ्या टेबलाशी हजर. काही नाही म्हणणारा माणूस नक्की काहीतरी लपवतो, असा त्यांचा हिशेब.

त्यांची नि माझी पहिली खडाजंगी झाली ती एका प्रिंटरवरून. जाळ्यातल्या प्रत्येक मशीनला एक पत्ता लागतो, आकड्यांचा. तो नाना द्यायचे, अर्ज घेऊन, सहीशिक्क्यासकट. मी म्हटलं, “तुमच्या वहीत पहिले तीस पत्ते रिकामे दिसताहेत. त्यातला एक द्या की.”

“ते रिकामे आहेत म्हणूनच कामाचे आहेत,” नाना म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. त्यावर त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि धुळ्याच्या देवपुरातल्या आपल्या घराची गोष्ट सांगितली. त्यांच्या घरासमोर तीन बंगले बंद पडलेले, मालक पुण्याला. “ज्याला काम असतं तो माझ्या दारात येतो, ताई. दूधवाला, पोस्टमन, पाहुणा, सगळ्यांना ठाऊक असतं कुठं जायचं. बंद बंगल्याची कडी जो वाजवतो, तो कोणाला भेटायला आलेला नसतो. तो बघतो, कोणतं घर रिकामं आणि कोणत्या घरात माणूस शे.” ओट्यावर बसून त्या तीन दारांवर नजर ठेवली की सगळ्या गल्लीची राखण होते, असं त्यांचं म्हणणं. इथंही तेच. पहिल्या तीस पत्त्यांवर एकही मशीन नाही, म्हणून तिथं कोणाचंही काम नाही. कपाटामागे एक जुना कॉम्प्युटर होता, तो फक्त त्या तीस दारांशी कान लावून बसलेला. तिथं काही वाजलं, तर एक तर कोणी चुकलंय किंवा कोणी शोधतंय. एकतिसाव्या दारापासून खरी घरं सुरू व्हायची, आणि पहिली घरं माझ्या रेकॉर्डची.

“आणि शोधणारा पहिल्या दारापासूनच सुरुवात करेल कशावरून?” मी विचारलं.

“तुम्ही चाळीत कोणाला शोधायला गेलात तर कुठून सुरू कराल?” नाना म्हणाले. प्रिंटर मला चाळिसाच्या पुढच्या पत्त्यावर मिळाला.

असेच तिसेक रिकामे पत्ते त्यांनी हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाजूलाही ठेवले होते, जगाला दिसणारे. त्यांची यादी त्यांनी मला एकदा पडद्यावर दाखवली. ओळीवर ओळ सरकत होती, वाचता येणार नाही इतक्या वेगाने. पृथ्वीच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून कोणीतरी आमच्या जळगावातल्या बंद दारांच्या कड्या वाजवत होतं, खाली बाह्यरुग्ण विभागात पेशंट नंबर लावून बसलेले असताना. मी खुर्ची मागे सरकवली. नाना मात्र शांत होते. “हे बाहेरचं. हे चालायचंच, रस्त्यावरची कुत्री आहेत ही. मी भितो ते आतल्या यादीला.” आतली यादी त्यांनी उघडली. ती कोरी होती. त्या कोऱ्या पानाकडे ते जसे बघत होते, तसं मी आयसीयूच्या काचेबाहेर उभ्या नातेवाइकांना बघताना पाहिलंय.

एवढी भीती या माणसात आली कुठून, हे मी त्यांना डबा खाताना विचारलं होतं. त्यांनी कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी मोडत सहज सांगितलं, “मना आगोदर तीन ग्यात, ताई. जवय मी व्हयनू, तवय मायनी माले सूपमा घालं अन उकिरडावर ठी दिनं.” तीन मुलं दगावल्यावर चौथ्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, नावही सुपडू ठेवायचं, म्हणजे मरण आलं तरी त्याला वाटावं, हे टाकाऊ आहे, यात नेण्यासारखं काही नाही. आमच्याकडे अशी नावं पुष्कळ आहेत, पण ते नाव असं मनापासून वागवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. “मी सहा दिवसांचा होतो तेव्हापासून कोणाला तरी चकवतोय,” नाना म्हणाले आणि लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली.

घरात त्या दोघांखेरीज कोणी नव्हतं. अक्का, त्यांची बायको, धुळ्याला. नाना आठवड्याचे पाच दिवस जळगावात खोली घेऊन. अक्कांच्या किडन्या निकामी झालेल्या. सोमवारी आणि गुरुवारी धुळ्याच्या शाखेत त्यांचं डायलिसिस व्हायचं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी तिथं दोन जागा राखीव होत्या, त्यातली एक अक्कांची. बाकीच्या जागांसाठी शिरपूर-साक्रीपासूनचे लोक महिनोन्‌महिने थांबलेले असायचे. नानांची नोकरी म्हणजे अक्कांची ती जागा, हे हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि नानांना सगळ्यात जास्त. धुळ्याला गेले की मी अक्कांना भेटून यायचे. मशीनला लावलेल्या हाताकडे न बघता त्या हसायच्या, नानांचं नि आपलं सगळं कसं चाललंय ते सांगायच्या. “यास्ले झोप नही, माले भूक नही. आसं आमनं बठ्ठं चाली राहिनं.” त्यांच्या उशाशी एक शंभर पानी वही असायची. वजन, रक्तदाब, औषधं, शेवटची तपासणी, सगळं त्यात हाताने लिहिलेलं. ही वही नानांनी तिथल्या प्रत्येक पेशंटला करायला लावली होती. कॉम्प्युटर असताना वह्या कशाला, म्हणून सिस्टर लोक करवादायच्या, पण नानांच्या पिच्छ्यापुढे कोणाचं चालत नसे.

हा पिच्छा एकदा त्यांना भोवला. एका सकाळी आतली यादी धडधडा भरली, तीसच्या तीस दारं एका दमात वाजली. नानांनी कोणाला न विचारता बाह्यरुग्ण विभागाची तार काढली. रांग फाटकाबाहेर गेली, म्हाताऱ्या बायका उन्हात बसल्या, डॉक्टर ओरडू लागले. दोन तासांनी कळलं, एक्स-रेचं नवं मशीन बसवलं होतं आणि ते आपला प्रिंटर शोधत दारोदार फिरत होतं. प्रशासक साहेबांनी नानांना सगळ्यांसमोर झापलं आणि लेखी दिलं: यापुढे परवानगीशिवाय एकही तार काढल्यास सेवा समाप्त. नानांनी त्या कागदावर सही केली. त्या जुन्या कॉम्प्युटरला आम्ही भुताची घंटा म्हणायला लागलो. हे नाव मी ठेवलं होतं, हे आज लिहिताना मला लाज वाटते.

पुढची गोष्टही माझ्याच मूर्खपणाची आहे. जुने केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायला मला एक नवं मशीन मिळालं. बसवणारा माणूस खोळंबला होता, नाना धुळ्याला गेलेले, अर्ज करायचा तर तीन दिवस. नानांची वही टेबलावरच होती. एकोणीस नंबरपुढे ‘रिकामा’ लिहिलेलं. आपल्याकडे एसटी फलाटाला लागली की माणूस खिडकीतून रिकाम्या सीटवर रुमाल टाकतो. मी तसाच त्या पत्त्यावर रुमाल टाकला. मशीन चालू झालं, काम सुरळीत सुरू झालं आणि मी ते विसरले. एकोणिसाव्या दारात आता खरं घर आलं होतं, आणि नानांच्या कॉम्प्युटरला तिथलं ऐकू येईनासं झालं होतं. यादी कोरीच असायची, त्यामुळे त्यांना ते कळायला मार्ग नव्हता.

उन्हाळा लागला तेव्हा एक दिवस नाना माझ्या खोलीत आले आणि दार लावून बसले. हातात एक कागद. त्यावर सहा ओळी. सहा दिवस, रोज सकाळी अकराच्या सुमारास, एक दार. पहिल्या दिवशी पहिलं, दुसऱ्या दिवशी दुसरं. एकदाच वाजायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत शुकशुकाट. वाजवणारा बाहेरचा नव्हता. धुळ्याच्या डायलिसिस विभागातल्या आमच्याच कॉम्प्युटरवरून ते येत होतं.

“एखादं मशीन चुकत असेल,” मी म्हटलं.

“चुकणारं मशीन घाई करतं. तो एक्स-रे आठवतो ना? हा घाईत नाही, ताई. जोरात वाजवलं तर कोणीतरी जागं होईल, हे याला कळतं. त्याचंच माले भ्याव वाटतं.”

साहेबांनी कागद पाहिला आणि विचारलं, “दिवसातून एकदा? एकदाच?” मग हसले. नाना त्याच दिवशी धुळ्याला गेले, तो कॉम्प्युटर काढून दुसरा बसवून आले. दुसऱ्या सकाळी सातवं दार वाजलं, धुळ्याच्याच चौकशीच्या खिडकीवरच्या कॉम्प्युटरवरून. म्हणजे तो एका मशीनमध्ये नव्हता. सगळ्या धुळ्यात होता, आणि तिथून पावलापावलाने जळगावकडे येत होता. एकच उपाय होता, धुळे आणि जळगाव जोडणारी तार काढणं आणि तिकडची सगळी मशीनं पुसून कोरी करणं. नानांनी लेखी परवानगी मागितली. ‘रुग्णसेवा खंडित करता येणार नाही, तपासून सांगू’ असं उत्तर आलं.

ते दिवस मला अजून आठवतात. अकरा वाजत आले की माझं कामात लक्ष लागेना. खाली पेशंटची गजबज, वर पंखा, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय. मग नाना दारात येऊन बोटांनी आकडा दाखवायचे. अकरा. बारा. तेरा. भर दुपारी घरी एकटी असताना बेल वाजली तरी मी उघडायला घाबरायचे. सोळाव्या दिवशी, नानांची बोटं बघताना, मला तो रुमाल आठवला. एकोणीस. मी बोलायला हवं होतं, तिथल्या तिथे. पण इतके दिवस भुताची घंटा म्हणून चिडवलेल्या माणसाला हे सांगायला मला तोंड नव्हतं. मशीनवाला शुक्रवारी येणार होता. त्याच्याकडून गुपचूप पत्ता बदलून घेऊ, असं मी ठरवलं. एकोणिसावा दिवस गुरुवारी येतो, हे मी बोटांवर मोजलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मोजायची भीती वाटली.

गुरुवारी अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. नाना आले, पण बोटं वर केली नाहीत. “आज तो आला नाही,” ते म्हणाले.

शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “चला, सुटलो.”

“आला नाही असं होणार नाही. मला ऐकू आलं नाही.” नाना माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. “एकोणीस का ऐकू येत नाही?”

मी सांगितलं. उभी राहून, हात जोडून सांगितलं. नानांनी माझ्या खांद्यावरून त्या मशीनच्या पडद्याकडे पाहिलं, म्हणून मीही वळून पाहिलं. फायलींची नावं बदलत होती. पेशंटचं नाव, गाव, वर्ष, सगळं जाऊन तिथं कसलीतरी निरर्थक अक्षरं येत होती. सावकाश, वरून खाली, एकेक करून. कोणीही कीबोर्डला हात लावलेला नव्हता.

“त्याची तार उपटा,” नाना म्हणाले. मी टेबलाखाली घुसून दिसेल ती तार उपटली. बाहेर आले तेव्हा ते धुळ्याला फोन लावत होते. “सिस्टर, सगळ्यांच्या वह्या हातात घ्या. कॉम्प्युटरकडे आता बघू नका. वहीत आहे तसंच चालू द्या.” मग जरा थांबून विचारलं, “तीन नंबरच्या खाटेवर अक्का आहेत ना? वही आहे त्यांच्याजवळ?”

मला वाटलं, आता साहेबांकडे जातील. ते जिन्याकडे वळले, थांबले. परवानगीशिवाय तार काढायची म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तीन नंबरच्या खाटेवरच्या माणसाची जागाच ते उपटून टाकणार होते. तरीही ते मागे वळले, आपल्या खोलीत गेले आणि धुळ्याची तार काढली.

धुळ्याला तासाभरात एकेक पडदा लाल झाला, त्यावर इंग्रजीत धमकी: पैसे द्या, नाहीतर फायली विसरा. मशीनवर असलेल्या सगळ्या पेशंटचं डायलिसिस वह्यांवर पार पडलं. जळगावचं माझ्या एका मशीनवरचं काम गेलं. बाकी सगळं रेकॉर्ड, हजारो माणसांचं, जागच्या जागी राहिलं.

आणि त्यानंतर जे झालं त्याची मला त्या लाल पडद्यांपेक्षा जास्त भीती वाटते. बातमी बाहेर गेली तर हॉस्पिटलचं नाव जाईल, म्हणून काही घडलंच नाही असं ठरलं. धुळ्याची मशीनं ‘दुरुस्तीसाठी’ गेली. रेकॉर्ड विभागात काहीही अनुचित घडलेलं नाही, असा कागद माझ्यापुढे आला आणि मी त्यावर सही केली. त्यात माझा एकोणीस नंबरही झाकला जात होता. नानांनी चौकशीत माझं नाव घेतलं नाही. काही घडलंच नव्हतं, तर नानांनी तार विनाकारण काढली होती. ती दुसरी वेळ होती. सेवा समाप्त.

निघताना त्यांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ताई, ते तीस कोणाला देऊ नका.” राखीव जागा महिनाअखेरीस गेली.

त्यानंतर मी नानांना एकदाच पाहिलं, सात-आठ महिन्यांनी, धुळ्याच्या एसटी स्टँडवर. ते अक्कांना घेऊन नाशिकची गाडी धरायला आले होते. डायलिसिससाठी, आठवड्यातून दोनदा जाऊन-येऊन. अक्का बाकावर बसलेल्या, पाय सुजलेले, मला ओळखून हसल्या. नानांचा शर्ट सैल झाला होता. त्यांनी माझी चौकशी केली, रेकॉर्डची चौकशी केली, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, “आते कोन देखस ते? आतली यादी?”

ते तीस पत्ते नव्या इमारतीतल्या मशीनना वाटून टाकले होते. कपाटामागचा कॉम्प्युटर भंगारात गेला होता. मी विरोध केला होता, एकदा, तोंडी.

“मी बघते,” मी म्हटलं. “रोज सकाळी.”

“कोरी असते?”

“कोरी असते, नाना.”

नानांनी मोठा श्वास सोडला. गळ्याजवळचं बटण काढलं, अक्कांकडे बघून हसले. “ऐकलं का? ताई देखतात. मी उगाच भीत बसलो होतो.” गाडी लागली. त्यांनी अक्कांना हाताला धरून चढवलं, आणि सुटताना खिडकीतून मला हात केला. इतक्या वर्षांत मी त्यांना निर्धास्त असं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्या खोट्या बोलण्यावर विसंबून निर्धास्त झाले होते.